सोयाबीनचा भाव लिहायला शिकले

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांना रोज संध्याकाळी सोयाबीनचा भाव कळवायचं काम माझ्याकडे आलं ते २०२४ च्या खरिपात. मी कंपनीत हिशेब बघते. औसा तालुक्यातल्या गावांमधले शेतकरी आमचे सभासद. बहुतेकांची जमीन पाच एकरांच्या आतबाहेर, आणि खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, हेच पीक. दसरा-दिवाळीचा खर्च, कृषी सेवा केंद्राची उधारी, पोरांच्या फिया, सगळं या एका पिकावर. त्यामुळे आमच्याकडे पावसाखालोखाल चर्चा असते ती सोयाबीनच्या भावाची.

भाव सांगणाऱ्यांची वानवा नव्हती. वडील आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून बाजारभाव ऐकायचे, आता सकाळी अकरापासून फोनवर आकडे यायला लागतात. लातूर इतका, उदगीर इतका, अकोला इतका, वाशीम इतका, पुढे वर जाणारा हिरवा बाण. तरीही कंपनीच्या बैठकीत आमचे एक जुने सभासद उठून म्हणाले, "म्याडम, ह्यो भाव कुणाला भेटतो ते एकदा दाखवा. मला तर कधीच भेटला न्हाई." त्यांनी खिशातून आडतीची, म्हणजे बाजारात माल विकून देणाऱ्या दलालाकडची, हिशोबपट्टी काढली. पट्टीवर क्विंटलला ४,०५० रुपये होते. त्याच दिवशी फोनवर फिरलेला आकडा होता ४,३८०. त्यांच्या मागून आणखी दोघा-तिघांनी पट्ट्या काढल्या आणि सगळ्यांची तीच तऱ्हा. बैठकीत ठरलं की कंपनीनं स्वतःचा भाव लिहायचा, आणि तो कुणाला मिळतो हेही सोबत लिहायचं.

बाजार समितीचा आकडा खोटा नसतो, हे आधी सांगून टाकते. समिती रोज तीन भाव नोंदवते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. तेच तीन आकडे राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर दिसतात, सोबत आवक दिसते. भानगड सुरू होते ती पुढे. फोनवर फिरतो तो नेमका कमाल भाव, कारण तो दिसायला चांगला. लातूरला पोटलीचा भाव म्हणून एक असतो, निवडक मालाचा, तोही असाच फिरतो. बाजारात हजारो क्विंटल आवक असते तेव्हा कमाल भाव एखाद्या लहानशा ढिगालाही मिळालेला असू शकतो. एरवी आमच्या सभासदांसारख्यांचा माल जातो तो सर्वसाधारण भावाच्या आसपास, ओला असेल तर त्याहून खाली. आणि सर्वसाधारण भाव कुणी पुढे पाठवत नाही.

मग मी लातूरच्या आडत बाजारात सौद्याच्या वेळी जाऊन उभी राहायला लागले. आमच्या ओळखीच्या आडत्याकडे एका बाजूला उभी राहायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्यांदा फक्त गलका ऐकू आला. हळूहळू डोळे काय बघायचं ते शिकले. खरेदीदार ढिगाजवळ येतो, वरचा थर हातानं बाजूला सारतो आणि मनगटापर्यंत हात आत घालून मूठभर दाणा काढतो. वरचा दाणा उन्हात वाळलेला असतो, आतला खरं बोलतो. मूठ उघडून तो फुंकर मारतो, काडीकचरा किती उडतो ते बघतो. मग दाणे तळहातावर पसरून अंगठ्यानं फिरवतो: हिरवा किती, सुरकुतलेला किती, काळपट डाग पडलेला किती. शेवटी एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट करून फुटला तर वाळलेला; दबला, चपटा झाला तर ओला. हे सगळं व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्यात क्विंटलमागे तीनशे-चारशे रुपयांचा फरक ठरून जातो. शेजारशेजारच्या दोन ढिगांना, एकाच गावातून एकाच टेम्पोत आलेल्या, वेगळे भाव लागलेले मी पाहिले. एकाची मळणी पावसाआधी झालेली, दुसऱ्याची बनीम, म्हणजे कापून रचलेल्या पिकाचा ढीग, भिजलेली.

तिथंच 'दोन-दोन-दहा' कानावर पडलं. व्यापाराची सगळी भाषा या तीन आकड्यांत आहे. दोन टक्क्यांपर्यंत माती-काडीकचरा, दोन टक्क्यांपर्यंत डागी दाणा आणि दहा टक्के हवा. हवा म्हणजे ओलावा, बाजारात मॉइश्चर कुणी म्हणत नाही, "हवा किती?" असंच विचारतात. तेलाच्या कारखान्याचा जो भाव जाहीर होतो तो दोन-दोन-दहा मालाचा असतो. आणि आमच्याकडे ऑक्टोबरात मशीनमधून निघालेल्या सोयाबीनची हवा चौदा, सोळा, पाऊस लागला असेल तर अठरासुद्धा. म्हणजे जो भाव ऐकून शेतकरी घरून निघतो तो त्याच्या ट्रॉलीतल्या मालाचा भावच नाही. आमच्या सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं सोयाबीन पेरणाऱ्या माणसांपर्यंत कुणी पोचवली नव्हती, याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर आमचा संध्याकाळचा निरोप बदलला. एक आकडा जाऊन त्या जागी तीन ओळी आल्या. दहा हवेचा स्वच्छ माल इतक्याला गेला; बारा-तेरा हवेचा इतक्याला; पंधराच्या पुढचा इतक्याला. खाली आवक कालपेक्षा जास्त की कमी. आणि शेवटी हमाली, तोलाई आणि गावापासूनचं भाडं धरून क्विंटलमागे हातात काय पडेल त्याचा अंदाज. ही शेवटची ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक गावाचं भाडं वेगळं आणि पाच कट्टे, म्हणजे पोती, नेणाऱ्याला क्विंटलमागे जे पडतं त्याच्या निम्मंही पन्नास कट्टे नेणाऱ्याला पडत नाही. पण तीच ओळ लोक आधी वाचायला लागले. एका काकूंनी मला सांगितलं की त्या निरोप शेवटून वाचतात.

कंपनीनं हवा मोजायचं यंत्र घेतलं आणि ते कार्यालयात न ठेवता गावोगाव फिरवलं. काढणीच्या दिवसांत मी ते पिशवीत घालून खळ्याखळ्यावर न्यायचे. ताडपत्रीवर पसरलेल्या सोयाबीनमधून वरचा, मधला, खालचा असा तिन्ही ठिकाणचा दाणा घ्यायचा, एकत्र करायचा आणि मोजायचा. आकडा दिसला की लगेच प्रश्न यायचा: वाळवू की विकू?

या प्रश्नावर सरसकट "वाळवा" असं सांगणाऱ्या बातम्या आणि सल्ले भरपूर असतात. मी हिशेब करून बघितला तेव्हा उत्तर इतकं सरळ नव्हतं. सोळा हवेचं १०० किलो सोयाबीन बारावर आणलं की ९५.४५ किलो उरतं, दहावर आणलं की ९३.३३ किलो. आमच्याकडे त्या वेळी सोळा हवेला ३,९०० च्या आसपास मिळत होते, दहा हवेला ४,४०० च्या आसपास. वाळवलेल्या ९३ किलोंचे झाले ४,१०७ रुपये. म्हणजे क्विंटलमागे दोनशेचा फायदा, त्यातून दोन दिवस पसरणं-गोळा करणं, मजुरी, आणि परतीच्या पावसाची टांगती तलवार. ज्याच्याकडे घरचे हात आहेत आणि मोकळं अंगण आहे त्याला परवडतं. जिला मजूर लावावे लागतात तिला नाही. पण तोच माल बारा हवेचा करून हमीभावाला, ४,८९२ ला गेला तर ९५ किलोंचे ४,६६९ होतात. तिथं फरक पावणेआठशेचा. तेव्हा खरा प्रश्न माल कुठं विकायचा हा होता. ते ठरलं की वाळवायचं की नाही आणि किती वाळवायचं, हे आपोआप ठरत होतं. निरोपात मी हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडला.

आता त्या सप्टेंबरच्या बातमीबद्दल. १३ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, दुसऱ्या दिवसापासून ते लागू झालं. कच्च्या पामतेलावर, सोयातेलावर आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के. उपकर धरून एकूण ५.५ वरून २७.५ टक्के. रिफाइंड तेलावर एकूण १३.७५ वरून ३५.७५ टक्के. रात्रीतून फोन भरून गेला. "सोयाबीन सहा हजार होणार", "सात हजार पक्के", कुणी तर २०२१ चा दाखला दिला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांना टेकला होता आणि तो आकडा आमच्या भागातल्या माणसांच्या मनातून अजून गेलेला नाही. त्याच महिन्यात सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव घसरत गेला, ही पुढची अर्धी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

मी त्या रात्री काहीच पाठवलं नाही. सकाळी अधिसूचनेचा मजकूर शोधला, तारीख बघितली, कोणत्या तेलावर किती ते स्वतः वाचलं आणि मगच लिहिलं. तेव्हापासून हा नेम ठेवलाय: सरकारी निर्णयाची बातमी तारीख आणि मूळ मजकूर पाहिल्याशिवाय आमच्या निरोपात जात नाही, मग ती दोन तास उशिरा गेली तरी चालेल. "लवकरच निर्णय", "मंत्र्यांचे संकेत", "सूत्रांची माहिती" हे काही आम्ही पाठवत नाही. संकेतावर माल धरून ठेवणाऱ्याचं व्याज संकेत देणारा भरत नाही.

भाव वाढला खरा. काही दिवस साडेचार हजारांच्या वर राहिला. पण ऑक्टोबरात आवक सुरू झाली तसा खाली आला. लोक विचारायला लागले, शुल्क वाढलं तर भाव का टिकला नाही? मला स्वतःला ते समजून घ्यायचं होतं. एका जुन्या आडत्यानं मला कागदावर जे मांडून दाखवलं ते मी तसंच सभासदांना दाखवत आले आहे.

कारखाना एक क्विंटल सोयाबीन गाळतो तेव्हा त्याला साधारण १८ किलो तेल मिळतं आणि ८१-८२ किलो पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. समजा तेल १२० रुपये किलो: १८ किलोंचे २,१६०. समजा पेंड २९ रुपये किलो: ८१ किलोंचे २,३४९. दोन्ही मिळून ४,५०९. त्यातून गाळपाचा खर्च, वाहतूक, कारखान्याचा नफा वजा केला की शेतकऱ्याला देता येईल तो भाव उरतो. आता तेल किलोमागे १० रुपयांनी महागलं तर क्विंटलमागे १८० रुपये वाढतात. पण पेंड किलोमागे ३ रुपयांनी उतरली तर २४३ रुपये जातात. आयात शुल्क लागलं ते तेलावर, आणि भाव पडला तो पेंडीनं. कोंबडीखाद्यात सोयापेंडीला पर्याय म्हणून डीडीजीएस आलं, मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा. तो स्वस्त, प्रथिनं बऱ्यापैकी, आणि इथेनॉलचं उत्पादन वाढत गेलं तसा त्याचा पुरवठाही वाढला. पोल्ट्रीवाले तिकडे वळले की आमची पेंड पडून राहते.

निर्यातीचा रस्ताही त्या वर्षी अवघड होता. शिकागोच्या बाजारात सोयाबीन बुशेलला १० डॉलरच्या आसपास घुटमळत होतं. बुशेल म्हणजे २७.२ किलो. डॉलर ८४ रुपयांचा धरला तर क्विंटलला ३,१०० च्या आतबाहेर. आमचं सोयाबीन चार हजारांना विकलं जात होतं, तेव्हा बाहेरच्या खरेदीदाराला आमची पेंड महाग पडणार हे उघड आहे. आपलं सोयाबीन जनुकीय बदल न केलेलं, म्हणून काही देशांत त्याला जादा पैसे मिळतात. पण तेवढ्यावर सगळा माल उठत नाही. हे लिहिताना मला भीती होती की शिकागो आणि बुशेल वाचून लोक निरोप बंद करतील. उलट झालं. दुसऱ्याच दिवशी पारावर बसलेल्यांनी मला थांबवून विचारलं, "ताई, ब्राझीलचा माल कधी निघतो?" जानेवारी अखेरीपासून निघायला लागतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर असतो, असं सांगितलं. "मंजी आपुन दिवाळीनंतर धरून ठिवला की तवा तेंचा येतो." हो, तेच.

पूर्वी पुढच्या महिन्यांचा अंदाज घ्यायला वायदेबाजार होता. २० डिसेंबर २०२१ ला बाजार नियंत्रक सेबीनं सात शेतमालांचे वायदे थांबवले, त्यात सोयाबीन आणि त्याचं तेल-पेंड आलं, आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. वायद्यांबद्दल शेतकऱ्यांत दोन मतं आहेत. माझं मत असं की लहान शेतकरी स्वतः वायदा करत नसला तरी डिसेंबरचा, जानेवारीचा भाव काय दिसतोय हे त्याला फुकट बघता येत होतं. ती खिडकी बंद झाली आणि तिची जागा अफवांनी घेतली.

हमीभाव केंद्राबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो अनुभव जवळजवळ सगळ्यांचा सारखाच आहे. ऑनलाइन नोंदणी, त्याला सातबारा, ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून करायच्या सरकारी पीकनोंदीत, सोयाबीनची नोंद, आधार, बँकेचं पासबुक. आम्ही कंपनीच्या कार्यालयात लोकांच्या नोंदण्या करून दिल्या. ज्यांची पीक पाहणी राहिली त्यांची नोंदणी अडकली, म्हणून आता ऑगस्टपासूनच निरोपाच्या खाली पीक पाहणीची आठवण असते. मग मोबाइलवर संदेश यायची वाट. केंद्रावर बारा हवेची अट. त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे १५ नोव्हेंबरला केंद्र सरकारनं ती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल केली. पण तोवर आमच्यातल्या अनेकांनी दिवाळीच्या गरजेपोटी चार हजारांच्या आसपास माल मोकळा केला होता. आमच्या भागातल्या केंद्रावर मध्येच बारदाना संपला, काटा थांबला, ट्रॅक्टर रात्रभर रांगेत. पुढे खरेदीची मुदत वाढत वाढत ६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत गेली. मुदतवाढीची प्रत्येक बातमी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी यायची. रांगेतल्या माणसाला या बातमीची किंमत काय असते हे मी फोनवर ऐकलंय: रात्री दहा वाजता विचारणारा बाप्पा, की थांबू का घरी जाऊ. असे निर्णय आठ दिवस आधी जाहीर झाले तर किती माणसांची रात्र वाचेल.

कंपनीनं स्वतः माल विकण्याचा प्रसंग त्याच हंगामातला. भाव लिहिता लिहिता सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की दोन-दोन-दहा मालाला कारखाना थेट भाव देतो, मग आपण सगळ्यांचा मिळून तसा माल का करू नये? एका तेल कारखान्याशी बोलणं झालं. चाळणी-ग्रेडर आमच्याकडे होता. प्रत्येक सभासदाचा माल घेताना हवा मोजली, नमुना पिशवीत भरून त्यावर नाव, गट क्रमांक, तारीख लिहून शिवली. चाळणीतून निघालेली माती आणि फुटका दाणा वेगळा तोलून ज्याचा त्याला परत केला. हे परत देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या पोत्यात माती किती होती हे माणसानं डोळ्यांनी बघितलं की पुढच्या वर्षी तो खळं सारवून घेतो, नाहीतर ताडपत्री अंथरतो.

गाडी गेली. कारखान्याच्या दारात त्यांनी नमुना काढला आणि हवा ११.४ सांगितली. आमच्या नोंदीत सरासरी १०.६ होती. त्या हिशेबानं कपात लावली, आमच्या नोंदीप्रमाणे व्हायची त्याहून जास्त. आमच्याकडे प्रत्येक पोत्यागणिक नोंद होती, सोबत आमचं यंत्रही नेलं होतं. मी तिथल्या प्रयोगशाळेत उभी राहिले आणि एकाच नमुन्याची दोन्ही यंत्रांवर मोजणी मागितली. त्यांचं यंत्र आमच्यापेक्षा अर्ध्या टक्क्यानं वर दाखवत होतं. पुन्हा गाडीच्या मधल्या थरातून नमुना काढला, ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढायची पद्धत असते ती करायला लावली. संध्याकाळ झाली, पण १०.८ वर मिटलं आणि जादा कपातीचा मोठा भाग परत आला. तिथल्या रसायनतज्ज्ञ मुलानं पुढच्या वेळी दोन्ही यंत्रं आधीच जुळवून घेऊ असं स्वतःहून सांगितलं, आणि तसं आता दर हंगामाच्या सुरुवातीला करतो. सगळा खर्च वजा जाता सभासदांना त्या दिवशीच्या आडतीच्या सर्वसाधारण भावापेक्षा क्विंटलमागे दीडशेच्या आसपास जास्त पडले. पैसे मात्र आठवड्यानं आले, आडतीवर हातोहात मिळतात. ज्यांना दुसऱ्या दिवशी पैसे हवे होते ते या गाडीत सहभागी होऊ शकले नाहीत, आणि त्यांचीच गरज सगळ्यांत मोठी होती. ही अडचण आम्हाला अजून पुरती सुटलेली नाही.

त्यावर एक वाट तारण कर्जाची. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासूनची आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, हमीभाव आणि चालू भाव यांत जो कमी तो धरून किमतीच्या ७५ टक्के रक्कम मिळते, सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजानं. २० क्विंटलचा हिशेब मी निरोपात लिहिला: ४,२०० नं किंमत ८४ हजार, कर्ज ६३ हजार, सहा महिन्यांचं व्याज १,८९०. म्हणजे क्विंटलमागे ९५ रुपये. भाव त्याहून जास्त वाढला, आणि वजनातली घट भरून निघाली, तरच थांबण्यात अर्थ. काहींनी ठेवला. पण २०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये भाव चार हजारांच्या आसपासच राहिला, ब्राझीलचं पीक मोठं आलं, आणि मे अखेरीला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. ठेवलेल्यांच्या हातात विशेष काही पडलं नाही. फायदा झाला तो एवढाच की दिवाळीला सावकाराकडे जावं लागलं नाही. तो फायदा लहान नाही, पण "साठवा आणि वाट बघा, भाव वाढणारच" असं जे ठासून लिहितात त्यांनी हे ९५ रुपये सोबत लिहावेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

२०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यानं कसा काढला ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या नदीकाठच्या सभासदांचं उभं सोयाबीन पाण्यात होतं. जे वाचलं त्याला शेंगेतच कोंब आले. हमीभाव ५,३२८ जाहीर झालेला आणि खळ्यावर पडलेला दाणा काळा. त्या हंगामात आमच्या तीन ओळी पुरेनात. हवेसोबत डागीच्या ओळी आल्या: पाच टक्क्यांपर्यंत, दहापर्यंत, वीसपर्यंत, आणि त्यापुढचा. डागीची टक्केवारी काढायला यंत्र लागत नाही. १०० ग्रॅम दाणा ताटात घ्यायचा, डागी वेचून वेगळा करायचा, सोन्याच्या दुकानात असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलायचा. जितके ग्रॅम तितके टक्के. आम्ही गावातल्या बचत गटाच्या बायकांना हे शिकवलं आणि त्या दारोदार ताट घेऊन बसल्या. मळणी करताना वरच्या शिवारातला चांगला माल आणि खालच्या पट्टीतला भिजका माल वेगळा ठेवा, एकत्र केला की सगळाच डागीच्या भावानं जातो, हे त्यांनी माझ्यापेक्षा लवकर आणि चांगलं समजावलं. ज्या घरांनी वेगळा ठेवला त्यांच्या दोन पट्ट्या आल्या, एक ४,१५० ची, एक २,९०० ची. एकत्र नेलेल्यांची एकच पट्टी होती, ३,२०० ची.

बाजार समितीकडे आम्ही कंपनीतर्फे लेखी मागणी दिली आहे की रोजच्या भावफलकावर किमान-कमालसोबत हवेची आणि डागीची टक्केवारी लिहावी. निदान सौद्यातल्या मोजक्या ढिगांची तरी. यंत्र आमचं वापरा, माणूस आम्ही देतो, असंही त्यात लिहिलंय. उत्तर यायचंय. तोवर सौद्याला आमच्याकडून आता दोघी जातात, मी आणि बचत गटातली एक सून, आणि जानेवारीत तूर यायला लागली की तिचेही भाव लिहायचे म्हणून ती आत्तापासून लाल तूर, पांढरी तूर आणि त्यांच्या डाळीचे नमुने डब्यांत भरून ठेवतेय.